तिसरी किल्ली

स्किबरीनच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो
आणि जिथे संपतो, तिथे डिम्फ्ना हर्लीचं घर.
मंगळवारी गेलो, व्हॅनमध्ये चार पेट्या कुलपं.
मुलानं पर्थहून फोनवर सांगितलेलं तिनं
दुधाच्या बिलामागे उतरवून ठेवलं होतं:
सगळ्यात मजबूत. सगळ्या दारांना. पैशाकडे बघू नकोस.

मी आधी कुलूप बघत नाही, चौकट बघतो.
पुढच्या दाराची चौकट नखानं टोकरली
तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी सुटली.
म्हटलं, बाई, चोर कुलपाशी भांडत नाही,
तो पेरभर लांबीच्या स्क्रूशी भांडतो.
कुलपाच्या आधी लाकूड. लाकडात बोटभर स्क्रू.
मग बाकीचं.

"हे दार उघडता कधी?"
"पाद्री आला की. शवपेटी निघाली की."
"शेवटचं?"
"सहा वर्षं झाली."
त्या दाराला मी साधं पाच पात्यांचं लावलं.

मागचं दार मात्र नांदतं.
किल्ली बाहेरूनच कुलपात, रात्रंदिवस,
इतकी वर्षं की पाऊस तिच्यावरून वळून जायला शिकलेला.
इथे कुणी ठोठावत नसे.
किल्ली फिरवायची, आत यायचं,
आणि आत आल्यावर हाक मारायची.
खालच्या वळणावरच्या म्हाताऱ्याकडे चोरी झाली
तोवर कुलूप हा या दाराचा नुसता दागिना होता.

"असं एखादं मिळतं का," तिनं विचारलं,
"किल्ली बाहेरच राहील असं?"
मी पेटीत बघितलं. खरंच बघितलं, क्षणभर.

मग मेणकापडावर मांडामांड केली.
हे ओढून तोडलं तर पुढचा तुकडाच तुटतो, गाभा आत शाबूत.
हे पत्र्याबाहेर एवढंसं डोकावतं, म्हणून नको;
डोकावेल त्याला पक्कड सापडते.
आणि हे. आतून किल्ली नाही, फक्त खुंटी.
रात्री धूर झाला तर
आधी चष्मा शोधायचा की किल्ली?

तिनं खुंटी सात-आठदा फिरवली,
रेडिओवर स्टेशन लावावं तशी.
"आणि मी पडले तर? न्हाणीत?
तेव्हा बाहेरून कोण?"

पाकिटात तीन किल्ल्या असतात, म्हटलं.
एक तुमची. एक मुलाची.
"पर्थला," ती म्हणाली.
एक शेजारी.

किटली ओरडत होती, ती उठली नाही.
खिडकीतून एकच घर दिसतं,
फ्यूशियाच्या कुंपणापलीकडे.
ते कुंपण कुणी किती छाटलं
यावरून अकरा वर्षं दोन्ही घरांत अबोला.

पटाशी चालवली, कोयंडा बसवला,
भुसा फुंकला, दार तीनदा आपटून बघितलं.
निघताना तिनं माझ्या खिशात किल्ली सरकवली.
"तूच दे. माझं नाव घेऊ नकोस."
गावात नवं कुलूप एकच बसलेलं, आणि नाव घेऊ नकोस.

कन्सेप्टा ओ'ड्रिस्कॉलनं हात पुसले,
किल्ली उजेडात धरून तिचे दात बघितले
आणि दारामागच्या खिळ्याशी गेली.
तिथे आधीच एक होती, लांब, काळी, जुनी.
"ती लूर्दला गेली होती तेव्हाची.
मांजराला दूध घालायला."
म्हटलं, ही आता लागणार नाही.
"मला कळत नाही होय?"
असं म्हणून नवी तिनं तिच्याशेजारी अडकवली.
जुनी काढली नाही.

बिलात मी दोनच किल्ल्या धरल्या.
घरी पोचलो तर माझ्याच दाराची खिट्टी
नेहमीसारखी अडकलेली;
खांदा लावला,
आणि आत गेल्यावर, उगाचच, हाक मारली.