सत्तावीस गुण

निपाणीत रविवारी तंबाखूची वखार बंद असते.
माडीवर आम्ही चौघं,
खाली पोती, वर शिंका,
मध्ये चादरीवर खडूनं आखलेली गुहा.
राक्षसांच्या जागी विडीबंडलांची लेबलं:
एक मिशीवाला, एक वाघ, एक उगवता सूर्य.
सूर्याला आम्ही वेताळ धरतो. सवय झालीय.

गोष्ट मी सांगतो, म्हणून नियम माझ्याकडं.
फासे मात्र कानडी बोलतात.
वीस पडले की अख्खी माडी ओरडते, इप्पत्तु!
आणि एक पडला तर कुणीतरी हळूच, ओंदु,
सुतकाच्या घरात चप्पल काढावी तसं.

साताप्पा पाण्याच्या मोटारी भरतो,
लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट.
त्याचा गडी सहाव्या पातळीला आला
तेव्हा कागदावर होतं:
पहिलवान दोन, मांत्रिक तीन, शाहीर एक.

काय लगा हे, मी म्हटलं,
भाराभर चिंध्या.
पहिलवानाला ताकद लागते, मांत्रिकाला बुद्धी,
शाहिराला गळा. वाटायला गुण सत्तावीसच.
पाचवीला पहिलवानाच्या हाताला दुसरा वार येतो,
तिथवर तरी दम धरायचास.
मांत्रिकाचा आगीचा गोळाही पाचवीलाच.
तू दोन्ही दारांपर्यंत गेलास
आणि कडी न वाजवता परत आलास.

त्रिशलाचं बघ.
ती पतसंस्थेत खतावणी लिहिते, घेतानाही हिशोबानं घेते:
आधी एकच पातळी पुजाऱ्याची,
तेवढ्यात अंगावर चिलखत, हातात ढाल,
मग पाचही पातळ्या मांत्रिकाच्या, डावं-उजवं न बघता.
एक पातळी उशीर झाला, पण तिचा मांत्रिक
बाण लागला तरी उभा राहतो.
जमीरनं तर वाटणीच केली नाही.
चोर म्हणजे चोर, सहाच्या सहा.

साताप्पानं ऐकून घेतलं. पेन्सिल कानावर खोचली.
म्हणाला, बरोबर हाय तुझं.
पण त्या गावात तो शाहीर भेटला हुता न्हवं,
ढोलकीला वादी न्हवती त्याच्या.
मी वादी दिली, त्यानं एक पद शिकवलं.
आता शिकवलेलं नको कसं म्हणायचं?

ह्याला उत्तर नियमांच्या वहीत नाही.

सात कमानींच्या पुलावर मिशीवाला आडवा आला.
जमीर मागनं गेला, सापडला.
त्रिशलानं राखून ठेवलेला गोळा काढला,
मंत्र म्हटला, फासा टाकला.
ओंदु.
खाली कुठंतरी मांजर पोत्यावरनं उतरलं,
तेवढा आवाज.

साताप्पाची पाळी. तलवार उचलेल म्हणून
मी नुकसानाचे आकडे मांडत होतो.
तो म्हणाला, ह्यो राक्षस,
ह्याला कुणी कधी गाणं म्हणून दाखवलंय काय?
आणि फासा टाकायच्या आधीच
ओठ आवळून, क्लॅरिनेट नसताना
क्लॅरिनेट वाजवायला लागला.
नवरीला बाहेर काढताना वाजवतात ते.

चौदा पडले.

माझ्या वहीत पंधरा लिहिलं होतं.
मी वही मिटली.
म्हटलं, मिशीवाला कठड्यावर बसला,
त्यानं गदा मांडीवर घेतली
आणि तुम्हाला जाऊ दिलं.

जमीर नाचला. त्रिशला नाचली नाही.
तिनं मिटलेल्या वहीकडं बघितलं,
खाडाखोड केलेल्या चेककडं बघावं तसं,
मग सावकाश आपल्या कागदावर
गोळा वापरला म्हणून खूण केली.

जिन्यावर चपला शोधताना साताप्पा म्हणाला,
आता सातवी. चोराची एक घेऊ म्हणतोय.
नको, मी म्हणणार होतो, पहिलवानच वाढव,
दुसरा वार, लगा, दुसरा वार,
पण शिंक आली,
एक, दोन, तीन,
आणि तेवढ्यात तो खाली उतरून
सायकलला किल्ली लावत होता.