ज्ञ

खानापूरच्या नाक्यावर
तिसऱ्यांदा रंगवतोय हा बोर्ड.
वर कन्नड, खाली मराठी.
मागच्या खेपेला रातोरात डांबर फासलेलं,
कुठल्या ओळीला ते विचारू नका.

'अणुशास्त्रज्ञ सुधन्वा हलगेकर मार्ग'.
ज्ञ दरवेळी कडेबाहेर जातो.

सत्काराला आला होता.
फेटा भुवईवर घसरलेला, मांडीवर कुंद्याचा डबा.
माईकवर देशाची शक्ती, तालुक्याची शान;
आणि हा वाकून माझ्या कानात:
"मलप्रभेच्या डोहात मासे हाइत काय गा अजून?"

हाइत, म्हटलं.
मग बराच वेळ
स्वतःच्या हातांकडेच बघत राहिला.

दोन पावसाळ्यांत रंग निम्मा उडतो,
उरल्यातला पुन्हा निम्मा.
ह्याला त्यांच्यात काहीतरी नाव आहे,
त्यानंच सांगितलेलं.
विसरलो.

ज्ञ बसला एकदाचा.