उखळात एक

साहेबांच्या तक्त्यात चार रकाने आहेत.
प्रजाती, संख्या, वेळ, शेरा.
मी होडी लोटतो तेव्हा पाणी गुडघ्याला लागतं,
मागच्या आठवड्यात ते कमरेला होतं.

साहेब म्हणतात नदीसुरय. आमच्यात तो कातरशेपट्या.
चमचा म्हणजे उलथनं.
शेकाट्या लुगडं खोचल्यागत चिखलातून चालला
की आज्या म्हणायचा, बघ, निघाली ठकूची सासू.
ही नावं तक्त्यात बसत नाहीत.
मोजताना मात्र तीच आधी तोंडात येतात.

वैशाखात नाथसागर उतरतो
आणि जुनं गाव वर येतं.
आधी पार, मग आडाचा कठडा,
मग जोत्यांच्या ओळी, गाळानं सारवल्यासारख्या.
कुणाचं घर कुठलं, हे आता एकटा यमाजीतात्या सांगतो.
तोही दरवर्षी वेगळं सांगतो.

त्या जोत्यांवर कातरशेपट्यांनी अंडी घातलीत.
घरटं म्हणावं असं काही नाही.
वाळूत खळगी, टाच रुतल्याएवढी,
तीत तीन अंडी, मातीच्या रंगाची,
वर शाईचे शिंतोडे.
वाकून बघितल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.
वरून झेपा चालूच. एकानं माझ्या टोपीवर शिटलं.
बरोबर केलं.

दुपारी दगड हाताला चटका देतो
तेव्हा मादी सागरावर जाते,
पाण्याला पोट घासून येते
आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते.
पुन्हा जाते. पुन्हा येते.
मी वेळेचा रकाना भरायचा विसरतो.

एकवीस. बावीस.
तेविसावं कुणाच्यातरी उखळात,
एकच अंडं, उशिराचं.

इकडं आभाळ कोरडं असतानाच एक दिवस मोबाईल वाजेल:
नाशकाकडची धरणं भरली, पाणी सोडलंय.
थेंब न पडता सागर चढेल,
आधी जोती, मग कठडा, मग पार.
गेल्या साली शेवटच्या सात पिल्लांना
आठ दिवस कमी पडले.

तात्या, मी विचारलं,
गाव उठवलं तेव्हा किती दिवस आधी सांगितलं होतं?
तो होडीतलं पाणी
डालड्याच्या डब्यानं उपसत राहिला.

शेऱ्यात लिहिलं: उखळात एक.
मग रेघ मारून
त्याच्या पुढं तारीख घातली.