देवकूआत्या, उद्या निघण्याआधी

आत्या, पहिल्यांदा बॅगेला काहीतरी बांध.
दोरी चालेल, नाहीतर जुन्या लुगड्याचा काठ.
सगळ्या बॅगा निळ्या नाहीतर काळ्या,
पट्ट्यावर फिरायला लागल्या की जावाजावांसारख्या दिसतात.
वंदनावहिनीकडून आणलीस तिला अजून मस्कतची चिठ्ठी आहे.
ती फाड. नाहीतर तू बंगळूरला आणि तुझे बोंबील आखातात.

बोंबील न्यायचेच, मला माहीत आहे.
तीन पिशव्या घाल, एकात एक, तोंडं गच्च बांध,
आणि मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या नको.
सुकं खोबरं काढ. पेट घेतं म्हणून अडवतात.
मनीषाच्या लाडवांना तिथंही मिळेल खोबरं,
नारळाच्याच देशात चाललीस.
फोनची चार्जिंगची वीट मात्र हातात ठेव, मोठ्या बॅगेत नाही.
पाण्याची बाटली रिकामी ने, आत भर.

काचेची बरणी नको म्हणजे नको.
मी विमानाच्या पोटात गुडघ्यांवर असतो.
उभं राहता येत नाही तिथं, मान वाकडी करून
बॅगा रचायच्या, आपण पेंढा रचायचो तशा, फक्त घाईत.
पहाटे तीनला 'नाजूक' वाचायचं त्राण नसतं कुणाला.
वाचलं तरी दोनशे बॅगा त्याच्यावर यायच्याच असतात.
लोणचं प्लास्टिकच्या डब्यात, डबा साडीत,
साडी मधोमध.

तिकिटावर देवकुबाई होतं, आधारवर देवकी.
ते मी काल बदलून घेतलं, चाळीस मिनिटं फोनवर सनई ऐकत.
हसू नकोस. प्लॉटच्या वेळी काय झालं आठव,
सातबाऱ्यावर एक काना जास्त होता
आणि आजोबा आठ महिने दुसराच माणूस होते.

रिक्षा साडेचारला सांगितली आहे, काशिनाथची.
करंजाड्याहून वीस मिनिटं, पण तू दोन तास आधीच पोच.
गेट बदलतं. फळ्याकडे बघत राहा,
बोलणाऱ्या बाईवर विसंबू नकोस, ती इंग्रजीत घाई करते.
शेजारचे धावत सुटले म्हणून तू धावू नको,
ते कदाचित इंदूरला चाललेले असतील.
बांगड्या कमी घाल, दारातून जाताना कमान ओरडते.
ओरडली तर घाबरायचं नाही. बाजूला बोलावतील, बाईच तपासते.

वर जाताना कान दडे बसतात.
खडीसाखर तोंडात ठेव, गिळत राहा.
खाडीत बुडी मारून तिसऱ्या वेळेला वर यायचीस ना,
तसंच होतं म्हणे.

म्हणे, कारण मी कधी बसलो नाही.
दोन वर्षं झाली, रोज नऊ-दहा विमानं भरतो,
शेवटची बॅग, जाळी, दार,
मग पट्टा मागे घेतो आणि ते निघून जातं.

तुझी सीट खिडकीची घेतली आहे, जास्तीचे पैसे देऊन.
झोपू नकोस लगेच.
चाकं सुटली की खाली बघ.
टेकडी जिथं कापली, तिथून खाडीच्या बाजूला
आपला रायवळ होता, विहिरीला लागून.
बाबा म्हणतात तो धावपट्टीखाली गेला,
काका म्हणतात नाही, पार्किंगमध्ये.
दोघं यावरून जेवताना भांडतात.
वरून काही कळतं का बघ. नसेल कळत तर नसेल.
ढग असले तर तोही प्रश्न मिटला.

आणि हो, उतरल्यावर फोनमधलं ते विमानाचं चित्र दाबून बंद कर.
गेल्या वेळी मामा विसरले,
आणि आम्ही संध्याकाळपर्यंत त्यांना पोचलेच नाहीत समजत होतो.