साडेएकोणीस मिलिमीटर

लोणच्याच्या बरणीवर अजून चिठ्ठी आहे: कैरी, मे.
आत मिठाच्या पाण्यात दाढा,
ओझरच्या, निफाडच्या, एक-दोन देवळाली कॅम्पच्या,
हर्षदा निमसेनं दीड महिना दवाखाने पालथे घालून जमवलेल्या.
भाव ठरलेला :
सरळ मुळांच्या दाढेला एक मिसळ,
वाकड्या मुळांची फुकट.

माझी फुकटातली.
खालची डावी, मिश्रीनं काळवंडलेली,
दोन मुळं, तीन वाटा.
प्लास्टरच्या ठोकळ्यात ती ताठ उभी राहिली
आणि कोणाची, हे विचारायचं राहून गेलं.

काकतकर मॅडम टेबलांमधून फिरतात.
आधी हातानं. दहा नंबर, केसाएवढी.
वाट आहे का, विचार तिला.
मोटर वाट शोधत नाही, असलेली रुंद करते.

मी विचारलं.
दोघींनी लगेच सांगितलं, तिसरीनं बराच वेळ घेतला.
एक्स-रेवर मोजलं : साडेएकोणीस.
रबराची लाल चकती तिथवर सरकवली.
खोलीभर हायपोक्लोराइट,
त्र्यंबक रोडच्या तरणतलावात नाकातोंडात जातो तसला वास.

मग मोटर. मिनिटाला तीनशे फेरे,
आवाज इतका बारीक
की शेजारी मुस्तफाच्या पोटातली गुरगुर ऐकू येते.
टोच, मागे घे, पूस.
टोच, मागे घे, पूस.
पात्यांवर पांढरा भुगा, खडूसारखा.

अण्णा मुसळगावच्या कारखान्यात ड्रिलवर आहेत, एकवीस वर्षं.
म्हणतात, बिट मोडायच्या आधी आवाज बदलतो,
कान असला की झालं.

सव्वापाच वाजले होते. सिन्नरची बस सहाची.
तिसऱ्या वाटेच्या वळणावर मी पुसलं नाही,
जरा रेटलं. जरासंच.
आवाज बदलला नाही, अण्णा.
हे तुमच्या पोलादासारखं नाही,
हे मोडताना काही बोलत नाही.
फाइल हातात परत आली, तेव्हा तीन मिलिमीटर आखूड होती.
पट्टीवर दोनदा मोजली, जणू वाढेल.

एक्स-रेत ती बारीक रेघ
इतकी नीट बसलेली, की वाटावं जन्मापासून तिथलीच.

मॅडम ओरडल्या नाहीत.
वहीत लिही. कुठली वाट, किती खोल, तारीख.
आणि उद्या खुर्चीवर हेच झालं तर आधी कोणाला सांगशील?
तुम्हाला.
नाही. तोंड ज्याचं, त्याला.
सांगून दाखव. आत्ता. हिला.

मी प्लास्टरच्या ठोकळ्याकडे बघितलं.
काकू,
तुमच्या दाढेत एक तुकडा राहिलाय.
राहिलाय? मॅडम म्हणाल्या. आपोआप राहिला?

बसमध्ये खिडकीशी बसून
'माझ्या हातून' वाक्यात कुठे बसतं ते बघत होते.
सुरुवातीला घातलं तर रडू येतं,
शेवटी घातलं तर विसरल्यासारखं वाटतं.
शिंदे गेलं, पळसे गेलं.
शेजारच्या बाईनं मांडीवरची मेथीची जुडी सावरली,
मला काही म्हणालीस का गं?

नाही, मावशी. दातांच्या कॉलेजात आहे. पाठांतर.

मग हे बघ, म्हणाल्या, आठ दिवस ठणकतेय,
आणि पदर बाजूला करून आ केला.
वरची, उजवी.
मी मोबाइलचा उजेड लावला.
बस मोहदरी घाटात वळली
आणि आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला.