१.३ ते १.४

हापसालूत फेब्रुवारीत पाचच्या आत दिवे लागतात.
उर्वेच्या खिडकीखाली समुद्र घट्ट झालाय,
इतका, की सडकखात्याने त्यावर
जुनिपरच्या फांद्या रोवून
हिउमा बेटापर्यंत रस्ता आखलाय.

बर्फ किती जाड, त्यावरून किती टन जाऊ द्यायचे,
हे डेटाबेसला शिकवणारं एक्स्टेन्शन तिच्याकडे आहे.
बिनपगारी, सोळा वर्षं.
लिहिलं हेल्दुरने, सांभाळते ती.
लिहिणाऱ्याचं नाव झालं. सांभाळणारीच्या नावाने
लोक सकाळी सकाळी खडे फोडतात.

आज तिला एक फंक्शन काढून टाकायचंय.
भार. एकच आकडा घेतं, जाडीचा,
आणि पूर्ण टनांत उत्तर देतं.
हेल्दुरला अपूर्णांकांचा कंटाळा होता.
नवं फंक्शन तापमान विचारतं,
भेगा विचारतं,
काल वारा कुठून होता तेही.
जुन्याला आता हाक कोण मारतंय?
तिने सगळीकडे शोधलं. कोणी नाही.
पुसलं. कंपाइल झालं. पाठ टेकली.

मग सवयीने दोन डेटाबेस मांडले, शेजारी शेजारी.
एकात नवी आवृत्ती थेट.
दुसरा १.० पासून पायरी पायरीने चढवायचा,
कारण लोक असेच येतात, कुठल्याही पायरीवरून,
आणि लोकांच्या हाती गेलेली स्क्रिप्ट
पुन्हा शिवायची नसते, चुकलेली असली तरी.
दुरुस्ती करायची ती पुढच्या पायरीत.
(हे मी घरातल्या भांडणांतही करून पाहिलंय.
थोडा उपयोग होतो.)

दोन्हीकडून शेवटी एकच घर उभं राहायला हवं.
अगदी एक नाहीच राहत:
नव्यात तापमानाचा रकाना मधोमध,
जुन्यात शेवटी, मागून काढलेल्या पडवीसारखा.
तेवढं ती चालवून घेते.

पण आज दुसरा डेटाबेस पहिल्याच पायरीवर अडला.
भार सापडत नाही.

१.४ मध्ये पोचल्यावर
त्या फंक्शनला निरोप द्यायचाच होता.
पण निरोप द्यायला
आधी ते दारात उभं तरी हवं.

तिला आगो आठवला.
हिउमाच्या फेरीकचेरीतला,
अकरा वर्षं १.३ वर बसलेला.
त्याच्या पत्रांत कधी प्रश्न नसतो, तक्रार नसते,
वर्षातून एक शब्द: चालतंय.
या वसंतात त्याचा अख्खा सर्व्हर नव्या डेटाबेसवर जाणार,
आणि जाताना आधी जुनीच नावं पुकारली जाणार,
हजेरीसारखी, एकेक.
एकजण जरी गप्प राहिला
तर कोणालाच वर्गात घेत नाहीत.

उर्वेने भार परत आणलं.
आतलं सगळं काढलं:
हेल्दुरचे गुणाकार, त्याची ती
कोणालाच न कळलेली अडीचने भागायची खोड.
नाव ठेवलं, आणि नावाखाली एकच ओळ,
कोणी हाक मारलीच तर सांगायला:
मी आता इथे राहत नाही, १.४ वर या.

आकडा मात्र देऊ दिला नाही.
खोटा आकडा आणि वर बर्फावर ट्रक,
त्यापेक्षा नकार बरा.

वर शेरा लिहिला: काढू नका.
मग तो खोडून लिहिला:
काढावंसं वाटेल. काढू नका.

दोन्ही डेटाबेस वरच्या पायरीला पोचले तेव्हा
खाली बर्फावरून दुधाची गाडी चालली होती,
नियमाप्रमाणे पट्टा सोडून,
पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर राखून.

एप्रिलच्या शेवटी आगोचं पत्र आलं.
तोवर बर्फ गेला होता, रस्ता गेला होता,
फांद्या कुठेतरी किनाऱ्याला लागल्या असतील.
नोव्हेंबरपर्यंत भाराला कोणी काही विचारणार नव्हतं,
जुन्यालाही नाही, नव्यालाही नाही.

पत्रात या वेळी दोन शब्द होते.
अजून चालतंय.