अंगण वाकडं

डलुथ. जानेवारी. बाहेर उणे सव्वीस,
तळघरात माझा नवरा, वाइनो, गुडघ्यांवर.
इंजिन मुठीएवढं, मागे अकरा डबे,
डब्यांत चिमूट चिमूट खरं लोहखनिज,
गोदीतून निवृत्त होताना खिशातून आणलेलं.
सरळ रुळावर मजेत धावतं.
भट्टीजवळच्या वळणावर मात्र
आधी आवाज जड होतो,
मग चाकं जागच्या जागी फिरतात
बर्फात रुतलेल्या ट्रकसारखी,
आणि सातवा डबा हळूच आत कलतो,
पोटात कळ आलेल्या माणसासारखा.

पहिल्या रात्री त्यानं रूळ पुसले, स्पिरिटनं.
चाकांवरचं काळं काढलं माझ्या कापूसकाड्यांनी,
अख्खी डबी संपवली.
एका आसाला गुंडाळलेला केस निघाला,
लांब, पांढरा.
उजेडात धरून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मांजराचा असेल, मी म्हटलं.
मांजर जाऊन चार वर्षं झाली.

मग रबराची कडी बदलली, मागच्या दोन चाकांची,
जुनी चिरा पडून बिस्किटासारखी झाली होती.
मग मासेमारीच्या पेटीतली शिशाची वजनं
इंजिनाच्या पोटात चिकटवली,
म्हणजे पकड येईल.
पकड आली. मोटर तापली.
घरभर जळका वास, आणि मी वरून:
वाइनो, काय पेटलंय?
काही नाही.
आमच्याकडे ‘काही नाही’ला बरेच अर्थ असतात.

गुरुवारी शेजारचा क्लेरन्स सुंडक्विस्ट आला,
बूट न झटकता.
वळणच आवळलंय तुझं, म्हणाला,
अठरा इंचांचं आहे, बावीस तरी हवं.
बावीस इंचांच्या वाटेत कपडे धुण्याचं मशीन.
दोघांनी मशीनकडे पाहिलं,
मग छताकडे, म्हणजे माझ्याकडे.
ते हलणार नाही, मी वरूनच सांगितलं.

जड डबे पुढे घेतले, हलके मागे.
वहीत पेन्सिलीनं तारीख, डब्यांचा क्रम, कुठे अडलं.
शेवटी लिहिलं: मोटर थकली.
आणि बराच वेळ स्वतःच्या गुडघ्याला
मलम चोळत बसला.

शनिवारी मी कपडे घेऊन खाली गेले.
त्याच्या शर्टाचं लोंबतं बटण तुटलं,
टेबलावर पडलं, कडेवर उभं राहिलं
आणि चालू लागलं.
भट्टीपासून जिन्याकडे,
रुळांच्या मधून, बोगद्याशेजारून,
कुठे न अडता, जसं कुणी बोलावलंय.
जिन्याच्या टोकाला खाली पडलं.

वाइनो उठला.
पाणपातळी आणली, फळीवर ठेवली.
बुडबुडा भट्टीकडे पळाला.
मग जमिनीवर ठेवली. तिथेही तेच.
घरच बसलंय, तळ्याच्या बाजूनं,
बोटभर, कदाचित जास्त.
म्हणजे वळणावर चढ होता,
आणि आठवडाभर बिचारं इंजिन
डोंगर चढत होतं, कुणाला न सांगता.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात लोक.
इथं नाच बरोबर होता.
अंगणच वाकडं.

स्वयंपाकघराचं दार आपोआप मिटतं
हे मी नऊ वर्षं सांगतेय.
हे मी तेव्हा पुन्हा सांगितलं नाही.
फार वेळ नाही सांगितलं. जेवताना सांगितलं.

जिन्याकडच्या दोन पायांखाली त्यानं
देवदाराच्या पाचरी ठोकल्या,
वर बँकेच्या कॅलेंडरची घडी, मार्च ते जून.
बुडबुडा मधोमध आला, थरथरून थांबला.
शिशाची वजनं काढून परत पेटीत.

गाडी सुटली.
वळणावर आवाज जरासा उतरला, पण चाकं घसरली नाहीत,
सातवा सरळ गेला, आठवा, नववा, दहावा.
अकरावा पडला.
वाइनोनं तो उचलला, चाकं फिरवून पाहिली,
शर्टाच्या खिशात घातला.
याचं उद्या बघू, म्हणाला,
आणि दहा डब्यांकडे असा बघत राहिला
जसं गोदीवर जहाज लागलंय.

वर दार मिटलं, आपोआप.
पाचर उरलीय का, मी विचारलं.
काही नाही, तो म्हणाला, ऐकूच आलं नव्हतं त्याला.

मी मशीन सुरू केलं.
पिळायच्या फेरीला अख्खं तळघर हललं
आणि चौथ्या-पाचव्या डब्यामधली कडी सुटली.